लॅप डान्सिंग क्लबच्या परवान्यावर हरकत कशी घ्यायची? (इंग्लंड)

रविवारची_शाळा:
आमच्याकडे बंद पडलेल्या पबच्या दारावर ‘सेक्शुअल एंटरटेनमेंट व्हेन्यू’च्या अर्जाची नोटीस लागली आहे. समोर नर्सरी आहे. मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये मराठी शाळेचे वर्ग भरतात. ग्रुपवर सगळ्यांनी एकच मजकूर पाठवायचं ठरतंय: ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.’ त्याचा उपयोग होतो का? आणि आपलं नाव-पत्ता क्लबवाल्याला कळतो का?

टेम्सकाठ:
तो मजकूर आधी थांबवा. हा परवाना काउन्सिलकडून (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून) १९८२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाखाली मिळतो. लॅप डान्सिंग त्यात २००९ च्या कायद्याने आलं. नैतिक नापसंती हे नकाराचं कारण धरलं जात नाही. धरली जातात ती अशी: अर्जदार लायक नाही, तो दुसऱ्या कुणाचा मुखवटा आहे, त्या भागात असे क्लब पुरेसे आहेत (‘पुरेसे’ म्हणजे किती हे काउन्सिल ठरवतं, तो आकडा शून्यही असू शकतो), किंवा परिसराचं स्वरूप, आजूबाजूच्या जागांचा वापर, खुद्द इमारतीची रचना अशा क्लबला साजेशी नाही.

तुमचा मुद्दा शेवटच्या कारणात बसतो. म्हणून नर्सरी किती वाजता सुटते, वर्ग कोणत्या वेळी असतात, मुलं कोणत्या दारावरून जातात, बसस्टॉप कुठे, हे लिहा. नकाशावर खुणा करून जोडा. कायद्यात ठरावीक अंतर नाही, त्यामुळे ‘इतक्या मीटरचा नियम मोडला’ असं लिहू नका. (मुंबईच्या डान्सबारसाठी १ किलोमीटरची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली. इथे तशी अटच नाही.)

काउन्सिलचं धोरण वेबसाइटवर असेल तर ते वाचून त्यातल्या कलमाचा आकडा द्या. पन्नास सारख्या ईमेलपेक्षा वेगवेगळ्या तपशिलाची पाच पत्रं अर्जावर निर्णय घेणाऱ्या काउन्सिलच्या कमिटीला जास्त उपयोगी पडतात.

नावाचं म्हणाल, तर तुमच्या संमतीशिवाय ते अर्जदाराला सांगता येत नाही. हरकतीचा मथितार्थ मात्र त्याला कळवावाच लागतो.

खडूस_कारकून:
दोन गोष्टींत लोक हमखास चुकतात.

पहिली म्हणजे मुदत. २८ दिवस अर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही नोटीस पाहिली त्या दिवसापासून नव्हे. नोटीस दारावर २१ दिवस असते आणि अर्जानंतर ७ दिवसांत वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. उशिरा आलेली हरकत काउन्सिल विचारात घेऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका.

दुसरी म्हणजे फाइल. दारूचा परवाना २००३ च्या कायद्याखाली वेगळा असतो. तिथे चारच उद्दिष्टं चालतात: गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणं, मुलांचं संरक्षण. त्या हरकतीतलं नाव-पत्ता सहसा अर्जदाराला दिला जातो. एकाच पत्रात दोन्ही कोंबलंत तर अर्धं बाद. प्लॅनिंगची परवानगी हा तिसराच विभाग.

रविवारची_शाळा:
मालक म्हणतो, ‘महिन्यातून एखादाच कार्यक्रम करू, मग परवानाच लागत नाही.’

टेम्सकाठ:
अर्धसत्य. १२ महिन्यांत जास्तीत जास्त ११ वेळा, प्रत्येक वेळ २४ तासांच्या आत, आणि दोन कार्यक्रमांत किमान महिन्याचं अंतर असेल तर सूट आहे. दर महिन्याला एक धरलं तर बारावा कार्यक्रम बेकायदेशीर. पोस्टर, जाहिराती तारखेसकट जपून ठेवा.

खडूस_कारकून:
सुनावणीत बोलायचा हक्क हरकतदाराला कायद्याने नाही, पण बहुतेक कमिट्या काही मिनिटं देतात. तसं पत्रातच मागून ठेवा. नकार ‘संख्या’ किंवा ‘परिसर’ या कारणावर आला तर अर्जदाराला मॅजिस्ट्रेटकडे अपील नाही, फक्त न्यायिक पुनर्विलोकन उरतं (त्यात कोर्ट निर्णय कायद्याला धरून झाला का एवढंच बघतं). म्हणून कमिटीने लेखी कारणं नीट द्यावीत, यातच तुमचंही हित आहे.

परवाना मिळालाच तरी तो जास्तीत जास्त वर्षाचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा हरकत घेता येते, आणि तोच परिसर काउन्सिल नव्याने तपासू शकतं. ऑक्सफर्डच्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हे मान्य केलं. तोवर आवाज, भांडणं, फुटलेल्या बाटल्या यांची नोंद तारीख-वेळेसकट ठेवा आणि प्रत्येक तक्रारीचा काउन्सिलकडून संदर्भ क्रमांक घ्या.