लाल-निळा उजेड हा प्रोजेक्टरचा दोष नव्हे

भावा, ‘क्रीपशो’ या पाच कथांच्या भयपटातले चेहरे मध्येच लालभडक होतात तो प्रोजेक्टरचा दोष, असं तू म्हणतोस ते पटत नाही. पाचही कथा सारख्या ताकदीच्या नाहीत, हे तुझं दुसरं म्हणणं मात्र मान्य. चेहऱ्यांवरचा तो रंग १९८१ साली शूटिंगच्या वेळीच, दिव्यांपुढे रंगीत जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद) लावून आणलाय. १९५० च्या दशकातल्या ईसी या अमेरिकन प्रकाशनाच्या भयकथांच्या कॉमिक्समध्ये भीतीच्या चौकटीत खरा रंग सोडून अख्खा चेहरा लाल नाहीतर निळा छापत, मागे धारदार रेषा. सिनेमाचा दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोला नेमकं तेच पडद्यावर हवं होतं. सिनेमात दिसणाऱ्या कॉमिकची चित्रंही जॅक केमन या ईसीच्याच जुन्या चित्रकाराची आहेत.

शंका असेल तर झुरळांच्या कथेवर जा. तिथली खोली पांढरीशुभ्र आहे. भिंती पांढऱ्याच दिसल्या तर यंत्र ठीक. गुलाबी झाक आली तर दोष खरा. घरच्या टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ मोड आधी बंद कर, नाहीतर लाल रंगात गालाच्या सुरकुत्या, मेकअपचे थर सगळं बुडतं.

कोल्हापुरात शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, त्या गावाला रंगवलेली पार्श्वभूमी नवी नाही. फक्त लाल जिलेटिन बराच उजेड गिळतं, म्हणून दिवा जास्त ताकदीचा घ्या आणि खोलीतली ट्यूब बंद ठेवा. पांढरा उजेड जरा जरी सांडला की लाल फिका पडतो, आणि चेहरा भयानक दिसायच्या ऐवजी नुसता उन्हात रापल्यासारखा दिसतो.