मदत हवी आहे: विमानाला भेग आहे, तरी उडवतात. हे चालतं का?

मुक्ता_धंतोली
भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय. काल त्याने फोटो पाठवला. भेग स्पष्ट दिसते आणि तिच्या टोकाला कोणीतरी चक्क भोक पाडून ठेवलंय. इन्स्ट्रक्टर म्हणतात, चालतं. विमान जुनं आहे. सोमवारी त्याची पहिली सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, आहे आणि माझ्या बहिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्याला थांबवू का? लवकर सांगा.

सोनेगाव_रनवे
ताई, विमान कोणतं? भेग कुठे, पंखाला, शेपटीला की इंजिनावरच्या पत्र्याला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

विवेक_व
जुनं म्हटलं की थांबवाच. 1988 मध्ये हवाईला अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं छप्पर हवेत उडालं होतं. धातू थकतो, त्याला इलाज नाही.

निवृत्त_एएमई
अलोहाचं ते बोइंग 737 होतं. त्यात प्रत्येक उड्डाणाला केबिनमध्ये हवेचा दाब भरतात आणि सोडतात, विमानाचं बाहेरचं पत्र्याचं कातडं त्याने थकतं. छोट्या ट्रेनर विमानात दाब नसतोच. इथे ताण येतो पंखाच्या मुळाशी, स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईवर, आणि बोल्टच्या भोकांवर.

आणि वय धरून बसू नका. एप्रिल 2018 मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला, दोघे गेले. ते विमान 2007 चं होतं, पण साडेसात हजारांहून जास्त तास उडालेलं, तेही ट्रेनिंगमध्ये. भेग स्पारच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी वाढली होती. बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. तार वाकवून वाकवून तुटते तसंच हे, किती वर्षांची आहे यापेक्षा किती वेळा वाकली ते महत्त्वाचं.

विवेक_व
तास महत्त्वाचे मान्य. पण गंज वर्षांनीच लागतो ना? 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ सेसना 210 चा पंख निघाला, त्याची भेग गंजाच्या खड्ड्यापासूनच सुरू झाली होती. ते विमान सत्तरच्या दशकातलं.

निवृत्त_एएमई
हे बरोबर आहे. म्हणून दोन्ही पाहायचं. मात्र 210 च्या त्या मॉडेलला पंखाखाली टेकू नाही, सगळा भार आरपार जाणाऱ्या स्पारवर. सेसना 152 किंवा 172 ला तो टेकू, म्हणजे स्ट्रट, असतो. ताई, विमान कोणतं ते सांगा बाकी.

मुक्ता_धंतोली
सेसना 152. भेग पंखाच्या अगदी टोकाला आहे, पांढऱ्या प्लास्टिकच्या भागावर.

निवृत्त_एएमई
मग भोक मुद्दाम पाडलेलं आहे. भेगेच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो, गोल भोकामुळे तो पसरतो आणि भेग सहसा पुढे सरकत नाही. पंखाचं टोक नुसतं झाकण आहे, भार पेलत नाही. इन्स्ट्रक्टर बरोबर बोलले. आणि 152 चं उत्पादन 1985 लाच थांबलं, त्यामुळे प्रत्येक 152 जुनंच असणार.

गोंदिया_फ्लायर
भाच्याचं क्लास 1 मेडिकल झालंय का? ते आधी करून घ्या, नंतर फीचे पैसे अडकतात. काही विमानांना अख्खं पॅराशूटही बसवता येतं.

सोनेगाव_रनवे
भाऊ, त्या काय विचारून राहिल्या अन् तुम्ही काय सांगून राहिले!

मुक्ता_धंतोली
अजून एक फोटो आहे. स्ट्रट पंखाला जिथे मिळतो तिथे खालच्या बाजूला तीन-चार रिव्हेट आहेत, प्रत्येकाच्या मागे काळा ओघळ. भाचा म्हणाला मळ आहे, म्हणून मी लिहिलं नव्हतं.

विवेक_व
इंजिनचं तेल असेल.

निवृत्त_एएमई
तेल पोटाखाली वाहतं. एकेका रिव्हेटच्या मागे, वाऱ्याच्या दिशेने काळी शेपटी दिसली की पहिला संशय रिव्हेट सैल होऊन हलतोय हाच. घासून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी काळी पडते. ताई, खरी विचारायची गोष्ट ही होती, प्लास्टिकची भेग नव्हे.

फोटोवरून निदान करणार नाही. पण भाच्याला सांगा, ही तक्रार तोंडी ठेवू नको, विमानाच्या डिफेक्ट नोंदीत लिही. लिहिल्यावर एएमईला, म्हणजे विमानाच्या देखभाल इंजिनिअरला, पाहून सही करावी लागते. पुसून एक उड्डाण करून पाहू, असं कोणी म्हटलं तर ते उड्डाण त्याचं नसावं. आणि जुन्या सेसनांसाठी कंपनीने जादा तपासण्यांचा एसआयडी नावाचा दस्तऐवज काढला आहे, त्यात काही जागी एडी करंटने, म्हणजे धातूत विजेचे प्रवाह निर्माण करणाऱ्या उपकरणाने, भेग शोधायची असते. त्या तपासण्या या विमानाच्या झाल्यात का, लॉगबुकमध्ये दिसतं. विद्यार्थ्याने विचारलं तर कोणी चिडायचं कारण नाही.

मुक्ता_धंतोली
तो म्हणतो सोलो पुढे गेली तर इन्स्ट्रक्टर नाराज होतील.

निवृत्त_एएमई
होऊ द्या. दुसरं विमान असेल तर सोलो सोमवारीच होईल. नोंद आजच करायला सांगा, आणि एएमईने काय लिहिलं ते इथे कळवा.

मुक्ता_धंतोली
आत्ता फोन केला. संध्याकाळी हँगरवर जातोय. बहिणीलाही सांगितलं.