आजीची बोरमाळ आटवायची आहे, सराफ सांगतो ती घट बरोबर आहे का? मदत हवी

नमस्कार. आजीची बोरमाळ आणि दोन पाटल्या आम्हा तीन भावंडांत वाटायच्या आहेत. दागिने तोडून वाटण्यापेक्षा आटवून प्रत्येकाला २४ कॅरटचं वेढणं (साधी, बिननक्षीची अंगठी) करावं, असं ठरलंय. ओळखीच्या सराफाने कसोटीच्या दगडावर घासून पाहिलं. सगळं मिळून ५८ ग्रॅम भरलं. "लाखेची पंधरा टक्के घट, आणि सोनं २० कॅरटचं धरू," म्हणाले. कागदावर काही दिलं नाही. माणूस वाईट नाही, पण आई दोन रात्री नीट झोपलेली नाही. एवढी घट असते का? आणि भाऊ म्हणतो वेढणं कशाला, ईटीएफ (शेअर बाजारात युनिटच्या रूपात मिळणारं सोनं) घ्या. त्याचं बरोबर आहे का?

— प्रतिसाद, गलाईकर
आम्ही सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातले, घरात तीन पिढ्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. आधी हे सांगतो, पंधरा टक्के ऐकून घाबरू नका. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. ती जळून जाणारच. पण ती किती, हे अंदाजाने का ठरवायचं? आटवल्यावर वजनच सांगेल.

कसोटीवर फक्त वरचा थर घासला जातो. यंत्रावरही क्ष-किरण पृष्ठभागच वाचतात. जुन्या दागिन्यात डाख (सांधे जोडणारा धातू) हलक्या सोन्याचा असतो, तो सगळा आटल्यावरच मिसळतो. म्हणून डोळ्यांदेखत आटवून लगड (ओतलेली कांडी) करा, मग तिचा तुकडा हॉलमार्किंग केंद्रात तपासा. तिथल्या भट्टीच्या पद्धतीत नमुना शिसं आणि चांदीबरोबर तापवतात. शिसं आणि तांबं हाडाच्या राखेच्या मुशीत शोषलं जातं, चांदी शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक आम्लात) विरघळते, उरतं ते सोनं. आम्ही गलाईतही चांदी मिसळून सोनं साधारण चौथाईवर आणतो आणि तेजाबात टाकतो. सोनं त्याहून जास्त असेल तर आतली चांदी सुटत नाही. चांदी विरघळली की खाली सोन्याची तपकिरी भुकटी राहते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सोनं वाटतच नाही.

एक काळजी घ्या. लगड ओतल्यावर मूस (सोनं वितळवायचं भांडं) उलटी करून तळ बघा. वितळवताना टाकलेल्या टाकणखाराची काच होते, तिच्यात सोन्याचे बारीक मणी अडकतात, तेही तुमचेच. आणि तुम्ही स्वतः शुद्ध करून घेण्याच्या फंदात पडू नका, एवढ्याशा सोन्यात तोटाच होतो. शुद्धता मोजून तेवढ्याच्या बदल्यात २४ कॅरटचं घ्या.

— प्रतिसाद
२०२२ पासून सामान्य ग्राहकालाही मान्यताप्राप्त केंद्रात हॉलमार्क नसलेले दागिने तपासून मिळतात. तेव्हा चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क ठरलं होतं. अहवाल लेखी मिळतो, वाटणीच्या वेळी तोच उपयोगी पडेल.

भावाचा मुद्दा: नवीन सोनं घेताना ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ, ईटीएफच्या युनिटवर तो जीएसटी नाही, शुद्धतेची चिंता नाही. पण अडीअडचणीला बँकेत तारण ठेवायला हातात सोनं लागतं. सरकारचे सुवर्णरोखे २.५ टक्के व्याज द्यायचे, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे आलेले नाहीत. तुमचं सोनं आधीच घरात आहे, मग ते विकून ईटीएफ घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

— धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आटवलं. आईने बोरमाळेतला एक मणी आधीच काढून घेतला, म्हणून ५७ ग्रॅम भरलं. लगड ४६.५ ग्रॅमची झाली, शुद्धता ८८.५ टक्के, म्हणजे शुद्ध सोनं सुमारे ४१.१५ ग्रॅम. सराफांच्या हिशेबाने ते ४०.३८ आलं असतं. म्हणजे फरक पाऊण ग्रॅमचा. त्यांना अहवाल दाखवला, त्यांनी तोच आकडा मान्य केला आणि वेढणी त्यांच्याकडूनच घेतोय. मुशीचा तळ पाहिला, दोन बारीक मणी निघाले.

आईने तो बोरमाळेचा मणी काळ्या दोऱ्यात ओवून देव्हाऱ्यात ठेवलाय.