मेळाव्यासाठी वीरगळांना ऑइल पेंट, आणि म्हणे वारसा जपला!

कातळवेडा
काल गावच्या ग्रुपवर पोस्ट पडली, "स्नेहमेळाव्यानिमित्त तरुण मंडळाने देवळासमोरचे तिन्ही वीरगळ घासून रंगवले, गावचा वारसा जपला." खाली नुसते टाळ्यांचे इमोजी. मला रात्रभर झोप नाही. अरे, वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड! मधल्या दगडावर खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला वर नेतायत आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. परवापर्यंत उन्हं तिरपी झाली की त्याची ढाल बोटाने चाचपता यायची. आता चंदेरी रंगाखाली ढाल कुठली नि कोपर कुठलं कळत नाही. झिजलेला दगड पाणी पितो, ते बाहेर पडायची वाट तुम्ही बुजवलीत, पापुद्रे सुटायला लागले की रंगाबरोबर कोरीवकामही जाणार. मेळावा जरूर करा, पण दगडाला हात लावायच्या आधी कोणाला तरी विचारायचं होतं.

मंडळातला_एक
ते दगड इतकी वर्षं घाणेरीच्या झुडपात पडले होते, एकाला तर म्हैस बांधायचे, तेव्हा तुमची झोप कुठे गेली होती? आठ पोरांनी दोन रविवार घालवून जागा साफ केली, काटे काढताना माझा हात फाटला. बाहेरगावी राहणारे लोक आले आणि पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की हे काय आहे. रंग चुकला असेल, पण फोनवरून शिकवणारे खूप भेटतात, खुरपं घेऊन येणारा एक नाही.

माहेरवाशीण
विचारलं खरं, उत्तर काय दिलंत? सूत्रसंचालक म्हणाला "हे महाराजांच्या मावळ्यांचे दगड". अरे वीरगळ महाराजांच्या कितीतरी आधी, शिलाहार-यादव राजांच्या काळातही उभे केले जात होते! आणि तिन्ही वीरगळ नाहीतच. डावीकडच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आहे, ती सतीशिळा. तिच्यापुढे नारळ फोडून फोटो काढलेत तुम्ही. एका बाईला जाळल्याची खूण आहे ती, सतीचा उदोउदो 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. दगड जपाच, पण माइकवरून खरं काय ते सांगा. माझी आजी त्या हातापुढे कधी हळदीकुंकू वाहायची नाही, नुसती पदर सावरून दोन मिनिटं उभी राहायची.

वाड्यावरचा
नारळाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मधला वीरगळ आमच्या मूळ पुरुषाचा, पिढ्यान्‌पिढ्या पहिला नारळ आमच्या घरचा. यंदा वर्गणी जास्त दिली म्हणून दुसऱ्याला मान दिला. माझे वडील ऐंशीच्या घरातले, टोपी घालून तयार होऊन बसले होते, कोणी बोलवायला आलं नाही. आधी याचं उत्तर द्या, मग रंगाचं बोला.

कातळवेडा
मूळ पुरुष कशावरून? वीरगळावर बहुतेक वेळा नावच नसतं. अलिबागजवळच्या अक्षीला गधेगळ आहे, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दगड, त्याच्यासारखा शके 934, म्हणजे इ.स. 1012 असा लेख कोरलेला असता तर मी स्वतः तुमच्या हातात नारळ दिला असता.

मंडळातला_एक
आणि उजवीकडच्या दगडावर तर खाली गाई कोरल्यात. गुरं पळवायला आलेल्यांशी लढून मेलेला माणूस तो, कोणाचा गुराखी पण असू शकतो. वीर काय फक्त वाड्यातच जन्मायचे का?

वाड्यावरचा
तोंड सांभाळून बोल. आमच्याकडे ट्रंकभर मोडी कागद आहेत. गुराख्याला मी कमी म्हटलेलं नाही.

मास्तर
मग ती ट्रंक मेळाव्यात का नाही आली? इतिहासकार वि. का. राजवाडे असल्याच घरोघरच्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करायचे, 1910 ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं त्यांनी. आमच्या घरचे कागद माळ्यावर होते, चुलत्यांनी घर पाडताना पोत्यात भरून बंबात जाळले, मी तेव्हा नववीत होतो, त्या पाण्याने मी आंघोळ केलीय. जत्रेचा खर्च, पाण्याच्या पाळ्या, कोणाचं भांडण कसं मिटलं, काय काय असेल त्यात.

वाड्यावरचा
मास्तर, एकदा एक अभ्यासक म्हणवणारा दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, घेऊन गेला तो परत आलाच नाही. कोणाच्या भरवशावर देऊ?

माहेरवाशीण
देऊ नका. तुमच्याच ओसरीवर, वडिलांसमोर फोटो काढू. मोडी वाचणारी माझी मैत्रीण आहे, ती येईल.

मंडळातला_एक
बरं, रंगाचं आमचं चुकलं, मान्य. रविवारी तारेच्या ब्रशने काढून टाकतो.

कातळवेडा
नको रे बाबा! तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, जे उरलंय ते पण जाईल. पुरातत्त्व विभागातल्या जाणकाराला दाखवू, तोवर आहे तसं राहू दे. झुडपं परत वाढतील तेव्हा खुरपं घेऊन मी येतो, ते मात्र तुझं बरोबर होतं.

वाड्यावरचा
वडिलांना विचारलं. फोटो काढा म्हणाले. पण ट्रंक ते स्वतः उघडणार, आणि रुमाल ओसरीच्या खाली उतरणार नाही. नारळाचं मी अजून सोडलेलं नाही.