अश्वशक्ती, बीएचपी, पीएस: दीडशे घोडे नक्की कुठे बांधलेत?

शंका शब्दाची पण आहे आणि गाडीची पण. भाच्याने त्याच्या एक लिटर टर्बो पेट्रोल गाडीचं रिमॅप करून घेतलं (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतली), मूळ गाडी कंपनीच्या कागदावर ११५ पीएसची, आणि ते करणाऱ्या ट्यूनरने बिलावर ठोकून लिहिलंय १५० बीएचपी, म्हणजे ब्रेक हॉर्सपॉवर. मी चालवून बघितली, खालून ओढते छान, पण दीडशे वगैरे काही वाटेना. तसं बोलून दाखवलं की "ही काही दीडशे अश्वशक्ती नाहीये", तर म्हणतो मामा, अश्वशक्ती वेगळी आणि बीएचपी वेगळं. खरंच का? मग पीएस कोण? आणि यात ब्रेक कुठून आला, ब्रेक दाबल्यावर कसली आलीये पॉवर?

———

अहो तो ब्रेक पायाखालचा नव्हे :) प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२१ मध्ये शाफ्टवर ब्रेक आवळून ताकद मोजायची युक्ती काढली, त्यावरून ते नाव. म्हणजे आतलं घर्षण वजा जाऊन शाफ्टवर जे हाती येतं ते बीएचपी. पीएस हा जर्मन 'फेर्डेश्टेर्के', फेर्ड म्हणजे घोडा, म्हणजे शब्दशः आपली अश्वशक्तीच, फक्त घोडा जरा बारका. जेम्स वॅटचा घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम करतो, ते झाले ७४६ वॅट. जर्मन घोडा सेकंदाला ७५ किलो एक मीटर उचलतो, ७३५.५ वॅट. फरक दीड टक्क्याच्या आत. तुमचे ११५ पीएस म्हणजे ११३ बीएचपी, उरलेल्या ३७ घोड्यांचा हिशोब भाषांतरात नाही सापडायचा.

———

माझ्या मते खरी गोची 'शक्ती'त आहे. बोलताना आपण शक्ती, ताकद, जोर, दम सगळं एकाच पोत्यात भरतो. शाळेच्या पुस्तकात बल वेगळं, ऊर्जा वेगळी, आणि शक्ती म्हणजे काम करायचा दर, त्यात वेळ आला. मामा "खालून ओढते" म्हणतायत तो टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा जोर, गॅरेजवाला ज्याला पिकअप म्हणतो त्याचा मोठा भाग. टॉर्कचे न्यूटनमीटर गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे) भागिले ७०२३, आले पीएस. फोक्सवॅगनचं एक लिटर टीएसआय घ्या, १७८ न्यूटनमीटर, १७५० पासून ४५०० आरपीएमपर्यंत सपाट. ४५०० ला हिशोब येतो ११४, म्हणजे कंपनीचा ११५ चा आकडा पटतो. पण तोच १७८, १७५० ला? फक्त ४४! सिग्नल सुटल्यावर पाठीला जो धक्का बसतो तेव्हा गाडीत चव्वेचाळीसच घोडे असतात आणि आपण म्हणतो काय पॉवर आहे यार. आता ५५०० ला १५० पीएस हवेत तर तिथे १९१ न्यूटनमीटर टिकायला पाहिजे, आणि छोट्या टर्बोचा वर जाऊन श्वास संपतो. ट्यूनरला एवढंच विचारा, ५५०० ला टॉर्क किती?

(शक्ती शेवटी आली की दीर्घ, अश्वशक्ती. शक्तिमान मात्र ऱ्हस्व. राहवलं नाही म्हणून.)

———

भाच्याकडून डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या मशीनचा कागद मागवला. मोठ्या अक्षरात १५०, खाली मुंगीएवढ्या अक्षरात चाकावर ११२. मग १५० कुठून?

———

गिअरबॉक्स वगैरेत थोडी ताकद जाते म्हणून चाकावरच्या आकड्यावर चढवतात. पुढच्या चाकांची गाडी, घसघशीत १५ टक्के गेले धरा, तरी ११२ चे १३२ होतात. १५० व्हायला चौथा हिस्सा वाटेत सांडला पाहिजे, एवढी उष्णता झाली तर गिअरबॉक्सवर चहा होईल. शिवाय कागदावर 'करेक्टेड' असेल बघा. हवा विरळ किंवा गरम असली की आकडा वाढवून धरायचं ते गणित साध्या इंजिनासाठी बसवलेलं आहे, टर्बो ती हवा बरीचशी स्वतःच दाबून भरून काढतो, त्यामुळे पूर्ण करेक्शन लावलं की एकाच गोष्टीचे दोनदा मार्क.

———

आमच्याकडे ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्नच हा असतो, एचपी इंजिनचा की पीटीओचा (मागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा), कारण रोटाव्हेटर पीटीओवर फिरतो, माहितीपत्रकावर नाही. गंमत म्हणजे अश्वशक्ती हा शब्द शेतातच जिवंत राहिलाय. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला मोफत वीज, असं सरकारी कागदावर असतं. कारला अश्वशक्ती म्हणणारे तुम्ही एकटेच मामा!

———

मोठे लोक तरी कुठे वेगळे. बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर फॉर्म्युला वन टर्बोचे १९८६ चे १४०० घोडे सगळे सांगतात, पण त्यांचा डायनोच १२८० च्या पुढे मोजत नव्हता, वरचा अंदाज. आणि उलटंही असतं, जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून २००४ पर्यंत कागदावर २८० पीएसच्या वर कोणी जायचंच नाही असं चालवलं, निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचं ट्विन टर्बो इंजिन त्याहून जास्त देत होतं तरी. दावा खाली पण करता येतो.

———

ट्यूनरला फोन लावला, ५५०० ला टॉर्क किती विचारलं. म्हणाला, "काका, कागदावर काय जाता, फीलवर जा." मी म्हटलं बरं, मग बिलावर पण फीलच लिहून द्या. तेव्हापासून फोन उचलत नाहीये.