जुने भाव कशाला उकरायचे?
काही जण विचारतात की शेअरबाजारातले शंभर वर्षांपूर्वीचे भाव चाळून आजच्या गुंतवणूकदाराच्या पदरात काय पडणार. मला वाटतं, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे वित्तशास्त्राचे प्राध्यापक विल्यम गोएट्झमन यांचं अख्खं काम हेच त्याचं उत्तर आहे. हा माणूस वित्तशास्त्राकडे येण्याआधी डेन्व्हरच्या एका कलासंग्रहालयाचा संचालक होता, त्यामुळे जुन्या कागदांचं मोल त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

फिलिप जोरियन यांच्यासोबत त्यांनी १९९९ मध्ये ३९ देशांच्या शेअरबाजारांचा अभ्यास छापला. १९२१ ते १९९६ या काळात अमेरिकी बाजार महागाई वजा जाता वर्षाला ४.३ टक्क्यांनी वाढला, बाकीच्या देशांचा मध्यक (निम्मे देश याच्या वर, निम्मे खाली) मात्र ०.८ टक्के! युद्ध, क्रांती, जप्ती यांत कित्येक बाजार बंदच पडले. आपण जो तगला त्याचाच आलेख बघतो आणि 'शेअर दीर्घकाळात वाढतातच' म्हणतो. हे जुन्या नोंदी उकरल्याशिवाय कळलंच नसतं.

जुन्या कागदाचं आणखी एक उदाहरण म्हणजे येलकडचा १६४८ चा डच रोखा, म्हणजे व्याज देणारा कर्जाचा लेखी करार! लेक नदीच्या बांधाच्या कामासाठी काढलेला, बकऱ्याच्या कातड्यावर हाताने लिहिलेला, मुद्दल १००० गिल्डर (तेव्हाचं डच चलन), परतफेडीची मुदतच नाही. येलने तो २००३ मध्ये घेतला. २०१५ मध्ये येलला त्याचं १२ वर्षांचं थकलेलं व्याज मिळालं, १३६.२० युरो. रक्कम किरकोळ आहे, पण पावणेचारशे वर्षं पाळलेला करार असा हातात धरता येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.