मदत हवी आहे: वारजे ते हिंजवडी रोजच्या ये-जा साठी परवडणारी ई-सायकल

एका बाजूने साधारण १४ किमी, वाटेत चांदणी चौकाचा चढ. बजेट ४० हजार. मोटर २५० वॉट, वेग ताशी २५ किमीच्या आतलाच हवा, म्हणजे लायसन्स-नोंदणीची भानगड नाही.

अडतंय ते बॅटरीवर. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर तिच्यात वीज साठते २७० वॉट-अवर. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर किमीला १२ वॉट-अवर धरले तर २२ किमीतच खेळ खलास. पेडल मारत ८ वर भागवलं तरी येताना जेमतेम पुरेल. त्यात बॅटरी उतरलेली असताना चढ लागला की करंट वाढतो, व्होल्टेज ३१ च्या आसपास घसरतं आणि कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) मोटर बंद करतो. म्हणून १० अँपिअर-अवरच्या खाली जाऊच नये असं माझं मत.

जाणकारांनी कृपया सांगा: या चढावर मागच्या चाकातली हब मोटर किती तापते? चार्जिंग पोर्ट फ्रेमच्या खालच्या बाजूला असेल तर पावसाळ्यात पिनांवर हिरवा गंज चढतो का? बॅटरी काढून ऑफिसात चार्ज करता येणारं, आणि दोन-तीन वर्षांनी सुटी बॅटरी मिळेल असं कुठलं मॉडेल आहे? डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेतच.